नववा तास कोणाचा?

(पौड, ता. मुळशी, जि. पुणे येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सरकारी नोकरांच्या ओव्हरटाइमवर बोलायचे ठरले तेव्हा पहिला प्रश्न तुमच्यातूनच आला. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला त्याच्याशी काय देणेघेणे? पगार त्यांचा, सुट्टी त्यांची, जादा तास त्यांचे. आपण आपल्या भावाचे बोलावे.

मी भावाचेच बोलणार आहे. पण माणसाच्या एका तासाची किंमत कशी ठरते हे समजल्याशिवाय कापसाच्या क्विंटलची किंमत कशी ठरते हे समजत नाही. आणि दुसरे असे की हे नोकर काही आकाशातून पडलेले नाहीत. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांतला एखादा पोरगा पोलिसात आहे, कोणाचा भाचा एसटीत कंडक्टर आहे, कोणाची सून अंगणवाडीत आहे. शेतीने पोट भरेना म्हणून आपणच त्यांना तिकडे पाठवले. तेव्हा त्यांच्या घड्याळाचा हिशेब हा आपल्याच घरचा हिशेब आहे.

मोबदला हा शब्द मुळशीला शिकवावा लागत नाही. १९२१ साली टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. जमीन गेली, धरण झाले. जमिनीचा मोबदला रुपयांत मांडला गेला, पण डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून भाताची खाचरे तयार करणाऱ्या हातांचे तास कोणत्या वहीत मांडले होते? आज याच तालुक्यात एका अंगाला हिंजवडीच्या संगणकाच्या कंपन्या आहेत, पिरंगुटला कारखाने आहेत, आणि मध्ये भाताचे शेतकरी आहेत. कारखान्याच्या दारात माणूस शिरला की वेळेची नोंद होते. बांधावर शिरला की होत नाही. आजच्या बोलण्याची सुरुवात इथून.

तासाला किंमत कशी आली?

कामाचे तास मोजावेत आणि जादा तासाला जादा पैसे द्यावेत, ही गोष्ट कोणा मालकाच्या मनात आपोआप आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज साऱ्या देशातला नोकरवर्ग रविवारी पाय पसरून बसतो त्यामागे ही खटपट आहे.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ५९ ने सांगितले की दिवसाला ९ तास किंवा आठवड्याला ४८ तास यांच्या वर काम घेतले तर त्या जादा तासांना दुप्पट दर द्यायचा.

दुप्पट का? कारण नवव्या-दहाव्या तासाला माणूस थकलेला असतो. तो तास त्याच्या झोपेचा, पोराबाळांचा, म्हाताऱ्या आईबापाचा असतो. तो विकत घ्यायचा तर महागच घ्यावा लागेल, म्हणजे मालक विनाकारण घेणार नाही. दुप्पट दर हा नुसता मोबदला नाही, तो मालकाच्या हाताला घातलेला लगामही आहे.

आता आपल्याकडे या. त्याच १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. १९५० च्या केंद्रीय नियमांत जादा कामाचा दर काय लिहिला होता? इतर सर्व कामांना दुप्पट, आणि शेतीच्या कामाला दीडपट. शेतातला नववा तास कारखान्यातल्या नवव्या तासापेक्षा कमी थकवणारा असतो, असे ज्याने लिहिले त्याने मे महिन्यात वखर हाकलेला नसावा.

हिशेब करून बघा. समजा आठ तासांची मजुरी ३०० रुपये. तासाला साडेसदतीस रुपये पडले. कारखान्याच्या रीतीने नववा तास ७५ रुपयांचा. त्या जुन्या नियमाने शेतातला नववा तास सव्वाछप्पन्न रुपयांचा. आणि शेताचा मालक स्वतः राबला तर? त्याला ना पंचाहत्तर, ना सव्वाछप्पन्न. त्याच्या नवव्या तासाची नोंदच नाही.

हे जुने कायदे आता नव्या संहितांत गेले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या, आणि २०१९ च्या वेतन संहितेत शेती आणि कारखाना असा भेद न करता जादा तासाला निदान दुप्पट दर लिहिला आहे. म्हणजे कागदावर तरी शेतमजुराचा नववा तास कारखान्याच्या बरोबरीला आला. चांगले झाले. मजुराला तो मिळालाच पाहिजे. पण तो द्यायचा कोणी? तुम्ही. आणि तुमच्या मालाच्या भावात तो धरला आहे का? तिकडे मी मागून येतो.

सरकारी नोकराचा सौदा

बाहेरून आपल्याला वाटते की सरकारी नोकर पाच मिनिटे जास्त बसला की त्याचा ओव्हरटाइम सुरू होतो. तसे नाही.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी मूलभूत नियम आहेत. त्यातला अकरावा नियम सांगतो की वेगळे काही ठरवलेले नसेल तर सरकारी नोकराचा पूर्ण वेळ सरकारच्या हाती आहे. पूर्ण वेळ. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नाही. रात्री बोलावले तर रात्री, दिवाळीला बोलावले तर दिवाळीला.

मग ओव्हरटाइम भत्ता होता तो काय? खालच्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांना काही ठिकाणी तो मिळे. राजपत्रित साहेबाला नाही. केंद्राने मार्च १९९१ मध्ये त्याचे दर ठरवले आणि ते तिथेच गोठले. पाचवा वेतन आयोग आला, सहावा आला, सातवा आला, किमान मूळ पगार ७५० रुपयांवरून १८,००० वर गेला, पण जादा तासाचा दर १९९१ चाच राहिला. सातव्या आयोगाने तर हा भत्ताच बंद करा म्हटले. जून २०१८ मध्ये केंद्राने आदेश काढला: प्रत्यक्ष यंत्रे वगैरे चालवणारे कर्मचारी आणि ज्यांना कायद्याने ओव्हरटाइम मिळतो ते औद्योगिक कामगार सोडून बाकी सगळ्यांचा भत्ता बंद. ज्यांना चालू राहिला त्यांनाही दर १९९१ चा, आणि तोही बोटाच्या ठशाच्या हजेरीशी जोडून.

पैशाऐवजी दुसरी एक रीत आहे, ती म्हणजे बदली सुट्टी. रविवारी कामाला बोलावले, तर त्याबदली दुसऱ्या एखाद्या दिवशी सुट्टी. शाळामास्तरांना उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून अर्जित रजा इतरांपेक्षा कमी. पण सुट्टीत त्यांना कामाला लावले, तर नियमाने त्या बुडालेल्या सुट्टीच्या प्रमाणात अर्जित रजा खात्यावर चढते. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे होतात. भावांनो, हे नीट समजून घ्या. तुम्ही ज्वारी पेवात साठवत होता, ती पाणी लागून काळी पडायची. हे लोक वेळ साठवतात, आणि तो सडत नाही. निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या पगाराच्या दराने तो मोकळा होतो.

न्यायालयाने काय सांगितले?

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. खटला होता सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनचा. नाशिकरोडचे नोटांचे आणि मुद्रांकांचे सरकारी छापखाने ज्या महामंडळाकडे आहेत, तेच हे. २००६ साली ते स्थापन झाले. तिथल्या पर्यवेक्षकांचे म्हणणे असे की आम्ही कारखान्यात काम करतो, तेव्हा फॅक्टरी कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे आम्हाला दुप्पट ओव्हरटाइम द्या. मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे. सरकारी पदावरच्या माणसाने नियमाप्रमाणे आपला सगळा वेळ सरकारच्या हवाली केलेला असतो. त्याबदल्यात त्याला कारखान्यातल्या कामगाराला नसलेल्या सोयी आहेत. वेतन आयोग येतो तेव्हा त्याचा पगार आपसूक वाढतो. तेव्हा सरकारी नोकरीचे फायदेही घ्यायचे आणि कामगाराचा दुप्पट ओव्हरटाइमही मागायचा, हे दोन्ही चालणार नाही.

निकाल बरोबर की चूक, हा वाद मला घालायचा नाही. त्यातले तत्त्व मात्र तुम्ही घरी घेऊन जा. पूर्ण वेळ दिला असेल, तर त्याबदल्यात पूर्ण जबाबदारी घेतली गेली पाहिजे. एक तर तास मोजा आणि जादा तासाला जादा पैसे द्या. नाही तर तास मोजू नका, पण माणसाचे आजारपण, म्हातारपण, महागाई सगळे अंगावर घ्या. तिसरा मार्ग न्यायाचा नाही.

हा सौदा किती पक्का असतो ते एसटीवाल्यांनी दाखवून दिले. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, जादा तासाला दुप्पट. म्हणजे कागदावर त्यांच्याजवळ ओव्हरटाइम होता. तरीही २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास ते संपावर गेले आणि एप्रिल २०२२ पर्यंत बहुतेक गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. मागणी काय होती? आम्हाला सरकारी नोकर करा. ज्याच्याजवळ दुप्पट तास होता, तो पूर्ण वेळाचा सौदा मागत होता. कारण ओव्हरटाइमने महिना निघतो, जन्म निघत नाही, हे त्याला कळले होते.

ज्यांना दोन्ही नाही

सगळ्या सरकारी माणसांना हा सौदा पुरता मिळतो असेही नाही. पोलिसाचे बघा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्याचे कलम २८ म्हणते की पोलीस हा सदैव कामावर आहे असे समजायचे. त्याआधी १८६१ च्या इंग्रजांच्या कायद्यातही हेच होते. १८५७ नंतर राज्य टिकवायला इंग्रजांना चोवीस तासांचा शिपाई हवा होता. इंग्रज गेले, कलम राहिले.

२०१४ साली केंद्राच्या पोलीस संशोधन खात्यासाठी देशभरातल्या पोलीस ठाण्यांची पाहणी झाली. त्यात दिसले की जवळजवळ ९० टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून जास्त काम करतात, आणि सुमारे ७४ टक्क्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी घेता येत नाही. पोलिसाला युनियन करता येत नाही, १९६६ चा कायदा आडवा येतो. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला, तो मोडला गेला. गणपतीत, निवडणुकीत, मोर्चात आपल्यासमोर काठी घेऊन उभा असलेला शिपाई बारा-चौदा तास उभा असतो. त्याचाही बाप कुठेतरी बांधावर उभा असतो.

यातून वाट निघते ती कशी, तेही ऐका. मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांचा प्रयोग झाला. त्याची मांडणी एका साध्या शिपायाने कागदावर करून दिली होती, आणि त्या वेळचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. जानेवारी २०१७ पासून मुंबईच्या इतर ठाण्यांतही ती नेली. या शिपायाने मोठी मागणी केली नाही, घोषणा दिली नाही. किती माणसे, किती काम, किती तास, कोण कधी मोकळा असतो, याची आकडेमोड केली. आकडेमोड समोर आली तेव्हा साहेबाला ती नाकारता आली नाही.

आणि अंगणवाडी सेविका, आशा? त्यांना तर पगारच नाही, मानधन आहे. मानधन या शब्दातली लबाडी ओळखा. पगार म्हटला की तास आला, तास म्हटला की जादा तास आला, रजा आली, निवृत्ती आली. मानधन म्हटले की यातले काहीच आले नाही. सरकारचे म्हणणे, या स्वयंसेविका आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अंगणवाडी सेविकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बायांना पुन्हा संपावर जावे लागले. ज्याच्या कामाला काम म्हणायचे नसते त्याला मान देतात. शेतकऱ्याला 'अन्नदाता' म्हणतात ते याच हिशेबाने. अन्नदात्याला सलाम करतात, बिल देत नाहीत.

आपला नववा तास

आता आपल्या वहीकडे वळू. म्हणजे जी वही आपल्याजवळ नाही तिच्याकडे.

कापसाच्या घरात वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे उठते. भाकरी, पाणी, जनावरे, पोरांची शाळा. मग दिवसभर कमरेला ओटा बांधून वेचणी. संध्याकाळी पुन्हा चूल. ज्वारी हुरड्यात आली की गडी माळ्यावर जागलीला. रानडुकरे आणि रोही रात्रीचे येतात, त्यांना कार्यालयीन वेळ नाही. दिवसभर डवरणी-वखरणी आणि रात्री जागल, ही कोणत्या कारखान्यात दोन पाळ्या ठरली असती आणि दुसरी पाळी दुप्पट दराची झाली असती.

साधा हिशेब मांडतो, आकडे समजुतीसाठी आहेत. नवरा-बायको दोघे हंगामात आठ तासांच्या वर रोज तीन तास राबतात असे धरा. हंगाम १२० दिवसांचा. एकाचे ३६० तास, दोघांचे ७२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर हे ९० दिवस झाले. तीनशे रुपये रोजाने सत्तावीस हजार रुपये. दुप्पट दराने चोपन्न हजार. एका कोरडवाहू घरातून दर हंगामाला एवढी रक्कम उठून जाते, आणि उचलणाऱ्याला चोर म्हणता येत नाही, कारण चोरीची फिर्याद द्यायची तर मालाची यादी लागते. यादी आपल्याकडे नाही.

सरकारकडे एक यादी आहे. कृषी मूल्य आयोग पिकांचे उत्पादनखर्च काढतो, त्यासाठी काही निवडक शेतकऱ्यांकडून कामाची नोंद घेतली जाते. खर्चाच्या तीन पायऱ्या आहेत. हातातून गेलेला पैसा, म्हणजे बियाणे, खत, औषध, मजुरी, तो 'ए-२'. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की 'ए-२ अधिक एफएल'. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज मिळवले की 'सी-२'.

२०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा 'ए-२ अधिक एफएल' खर्च क्विंटलला २,४६६ रुपये धरला आणि हमीभाव ३,६९९ जाहीर केला. मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ५,१४० धरला आणि हमीभाव ७,७१० दिला. दोन्हीकडे बरोबर दीडपट. सरकार म्हणते, बघा, पन्नास टक्के नफा दिला. पण त्या पन्नास टक्क्यांत काय काय बसवायचे? जमिनीचा खंड बसवायचा, भांडवलाचे व्याज बसवायचे, पाऊस गेला तर त्याची जोखीम बसवायची. शेतीचे व्यवस्थापन करणाऱ्या कर्त्या माणसाला खर्चावर दहा टक्के धरावेत असाही एक हिशेब आहे, त्याला 'सी-३' म्हणतात, पण भाव ठरवताना तो धरत नाहीत. आणि घरच्या श्रमाची किंमत लावताना आठव्या तासानंतर दर बदलत नाही. जागलीचा तास आणि दुपारचा तास एका भावाने. या दोन अक्षरांत, 'एफएल' मध्ये, तुमचा आणि तुमच्या घरवालीचा सगळा जन्म मावला आहे.

आता नव्या संहितेतल्या दुप्पट दराचा प्रश्न पुन्हा घ्या. तुमच्या शेतात मजूर नववा तास राबला तर कायद्याने तो दुप्पट. त्याच तासाला, त्याच तासात, शेजारच्या ओळीत तुम्ही राबता ते एकपट. मजुराचा दर खरा असेल तर तुमचाही तोच खरा असला पाहिजे. आणि तुमचा खोटा ठेवायचा असेल, तर मजुराचा द्यायला पैसा कुठून येणार? मजूर आणि शेतकरी यांची भांडणे लावून देणाऱ्यांना हा प्रश्न विचारा.

काट्यावरचा वेळ

आणखी एक वेळ आहे जो शेतात जात नाही, सरकारच्या दारात जातो. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा केला. सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा. माझी त्याला हरकत नाही. माणसाला दोन दिवस घरच्यांबरोबर मिळाले तर चांगलेच. पण शुक्रवारी कापसाची गाडी काट्यावर लागली, प्रतवारी करणारा उठून गेला आणि सोमवारी आला, तर शनिवार-रविवार गाडीखाली झोपलेल्या शेतकऱ्याचे दोन दिवस कोणाच्या खात्यावर? तोच प्रतवारीवाला रविवारी आला असता तर त्याला बदली सुट्टी मिळाली असती. ज्याच्यासाठी तो आला असता, त्याला काय मिळाले असते? गाडीचे भाडे चढले असते.

२०२५ च्या हंगामापासून कापूस महामंडळाला माल द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागते. ठीक आहे, वेळ ठरवून घ्या. पण ठरलेली वेळ पाळायची ती एकट्या शेतकऱ्याने, असे चालणार नाही. दिलेल्या वेळेत काटा झाला नाही तर प्रत्येक तासाला मोबदला, अशी अट दुसऱ्या बाजूलाही हवी.

सरकारच्या वेळेवर घड्याळ लावणारा एक कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्यायची, अर्जाची पोच द्यायची, नाही दिली तर अपील, आणि कसुरी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण दंड झाला तरी तुमच्या फुकट गेलेल्या खेपांची भरपाई होत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१० साली असा कायदा केला तेव्हा दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देण्याची सोय त्यात ठेवली. अमरावतीच्या पलीकडे बैतूलला जे चालते ते अलीकडे का चालू नये? सरकारच्या वेळेला दंड आणि आपल्या वेळेला भरपाई, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

काय करायचे?

दोन गोष्टी सांगून थांबतो.

पहिली. नोकरवर्गाचा हेवा करू नका. त्यांना फुकटचा पगार मिळतो असे म्हणत चावडीवर बसल्याने आपल्या क्विंटलला एक रुपया चढत नाही. राज्य सरकारी कर्मचारी डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवस संपावर राहिले. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये पुन्हा आठवडाभर संपावर गेले. मागण्या पटोत न पटोत, त्यांनी आपला वेळ मोजून मागितला. काम न करणारा बाबू असेल तर त्याला दारात जाब विचारा. पण काम करणाऱ्याचा जादा तास बुडवला गेला तर त्यात आपला फायदा नाही. त्याचा तास आज स्वस्त झाला, तर उद्या तोच दाखला देऊन तुमचा आणखी स्वस्त करतील.

दुसरी. वही घाला. शाळेतल्या पोराची शंभर पानी वही पुरे. तारीख, काम, कोणी केले, किती वाजता सुरू, किती वाजता संपले. बायकांचे काम वेगळ्या रकान्यात, आणि "घरकाम" म्हणून गाळू नका, वेचणीला भाकरी नेणे हे वेचणीचेच काम आहे. जागलीच्या रात्री लिहा. काट्यावर गेलात तर पोचल्याची वेळ आणि माप झाल्याची वेळ लिहा आणि टोकन जपून ठेवा. तहसिलीत गेलात तर अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. एका गावात दहा घरांनी एक हंगाम अशी वही लिहिली, तर जिल्हा बैठकीत ती मांडा. मूल्य आयोगापुढे म्हणणे मांडायची वेळ येईल तेव्हा "परवडत नाही" असे म्हणायचे नाही. या वह्या टेबलावर ठेवायच्या आणि विचारायचे, यातला नववा तास तुम्ही कोणत्या दराने धरलात?

वही लिहिणे हे कंटाळवाणे काम आहे, मला ठाऊक आहे. रात्री अंग मोडलेले असते, दिव्याखाली डोळे मिटतात. पण गिरणीतल्या मजुराचे अंग काही कमी मोडलेले नव्हते, आणि देवनारच्या शिपायानेही आपला कागद ड्यूटी संपल्यावरच मांडला असणार. ज्याने आपला वेळ लिहिला त्याच्या वेळेला भाव आला. ज्याने लिहिला नाही, त्याच्या वेळेवर इतरांनी घरे बांधली.

येत्या हंगामाच्या पहिल्या वखरणीपासून वही सुरू करा. पुढच्या बैठकीला येताना रिकाम्या हाताने येऊ नका.